घडी असलेला कागद, घडी लपवलेला कागद : मातीस यांच्या ‘जॅझ’मधली एक प्लेट विकत घेताना

पार्श्वभूमी

लंडनमध्ये उभे आयुष्य काढलेले एक मराठी जोडपे. दोघेही वैद्यकीय पेशातले, आता निवृत्त. मी त्यांना काका-काकू म्हणते, तेच इथेही लिहिते. ओळख पटू नये म्हणून नावे, विक्रेते आणि प्लेटचा (म्हणजे पुस्तकातल्या छापील चित्राचा) क्रमांक गाळला आहे.

२०१४ साली लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात फ्रेंच चित्रकार आंरी मातीस यांच्या कात्रणचित्रांचे मोठे प्रदर्शन भरले होते. ‘जॅझ’साठी मातीस यांनी रंगीत कागद कापून केलेल्या मूळ रचना आणि त्यांवरून छापलेले पुस्तक तिथे शेजारी शेजारी पाहायला मिळाले. काकूंच्या मनात ‘जॅझ’ तेव्हापासून बसले. निवृत्तीनंतर हाती थोडे पैसे मोकळे झाले आणि त्यांनी ठरवले की घरात एकच चांगली प्लेट घ्यायची. दुसरी गोष्ट ठरली ती अशी की घाई करायची नाही. ही दुसरी गोष्ट पाळणे फार कठीण गेले.

मी कागदावरच्या कलाकृतींच्या जतनाचे आणि दुरुस्तीचे काम करते. खरेदीविक्रीत माझा हिस्सा नसतो. काका म्हणाले, “तू आधी बघ, मग आम्ही ठरवतो.” माझा सहभाग एवढाच.

पोश्वार म्हणजे काय आणि ‘जॅझ’ कसे छापले

पोश्वार म्हणजे स्टेन्सिल. पत्र्यात अक्षरे कापून गोणीवर मार्का मारतात, तेच तत्त्व. फरक आहे तो कारागिरीत. पॅरिसच्या कार्यशाळांमध्ये एकेका रंगासाठी पातळ पत्र्याचा वेगळा साचा कापत आणि आखूड, गोल, दाट केसांच्या कुंच्याने प्रत्येक प्रतीवर हाताने रंग भरत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत फ्रान्समधल्या फॅशनच्या नियतकालिकांनी या तंत्राला मोठी मागणी दिली. मग चित्रकारही त्याकडे वळले. पिकासोचे ‘त्रिकोर्न’ या बॅलेसाठी केलेले वेष १९२० मध्ये असेच छापले गेले. सोनिया दलोने यांनी पोश्वारला आपलीच भाषा करून टाकले.

१९४१ मध्ये मातीस यांच्यावर पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर बराच वेळ अंथरुणात किंवा चाकाच्या खुर्चीत जाऊ लागला. सहायक मंडळी कागद ग्वाश या अपारदर्शक जलरंगाने रंगवून देत आणि ते कात्रीने थेट रंगातच आकार कापत. तेरियाद या प्रकाशकाने त्यांच्याकडून पुस्तक करून घेतले. सुरुवातीला विषय सर्कशीचा होता. १९४७ मध्ये ते ‘जॅझ’ नावाने बाहेर पडले. त्यात वीस प्लेट आहेत, आणि मोठ्या काळ्या हस्ताक्षरात मातीस यांचा स्वतःचा मजकूर. पोश्वारचे काम एदमों व्हेरेल यांच्या कार्यशाळेने केले. मातीस यांनी मूळ कागदांसाठी वापरलेले लिनेल कंपनीचे ग्वाशच साच्यांतूनही भरले गेले. छापील चित्र आणि मूळ चित्र यांचा रंग इतका जवळचा असणे फार दुर्मीळ असते. तरीही मातीस खूश नव्हते. कापलेल्या कागदाला जी उठावदार, हलती जान होती ती छपाईत सपाट झाली, असे त्यांनी मित्राला पत्रात कळवले होते.

या प्रकरणाला लागणारे आकडे असे. मजकुरासह पुस्तकाच्या २५० क्रमांकित प्रती, शिवाय विक्रीबाहेरच्या २०. मजकुराविना, सुट्या प्लेटचे १०० संच. पुस्तकातल्या दुहेरी, म्हणजे दोन पानांवर पसरलेल्या प्लेटना मधोमध घडी आहे, कारण पुस्तकात त्या घडी घालूनच बसवल्या होत्या. संचातल्या प्लेटना घडी नाही. म्हणून बाजारात संचातली प्लेट महाग आणि पुस्तकातली तुलनेने स्वस्त. आणि सही? ती पुस्तकात प्रत-क्रमांकाच्या पानावर आहे. सुट्या प्लेट सही करून विकायला काढलेल्या नव्हत्या.

प्रश्न

वर्षभर शोध घेतल्यावर दोन प्लेट एकाच सुमारास समोर आल्या. दोन्ही ‘लागों’ मालिकेतल्या. या नावाच्या ‘जॅझ’मध्ये तीन प्लेट आहेत. विक्रेते पुष्कळदा नुसते नाव लिहितात आणि छायाचित्र एकाचे, क्रमांक दुसऱ्याचा असा घोळ होतो. इथे तसा घोळ नव्हता. दोन्हीकडे प्लेट एकच होती, त्यामुळे तुलना सरळ झाली.

पहिली लंडनमधल्या एका कलाविक्रेत्याकडे होती. सुंदर जुनी फ्रेम, घडी नाही, खाली उजवीकडे पेन्सिलची सही, सोबत विक्रेत्याने स्वतःच दिलेले प्रमाणपत्र. वर्णनात ‘शंभरांच्या संचातली’ असे लिहिले होते.

दुसरी फ्रान्समधल्या एका लहान शहरात लिलावाला येणार होती. फ्रेम नाही, मधोमध स्पष्ट घडी, घडीच्या खालच्या टोकाला सेंटीमीटरभर फाटलेली, कडा किंचित पिवळसर. तिची अंदाजित किंमत पहिलीच्या निम्म्याहून थोडी जास्त होती.

काकांचा कल पहिलीकडे होता. “सही आहे, घडी नाही, कागदपत्र आहे. महाग आहे म्हणजे काहीतरी कारण असेलच ना?” काकूंना घडी आवडली होती. “पुस्तकातली आहे हे तरी कळतं,” त्या म्हणाल्या. पुढे बऱ्याचदा मला हे वाक्य आठवत राहिले.

फ्रेमबाहेरची तपासणी

फ्रेममधून काढून पाहू देत असाल तरच पुढे बोलू, असे विक्रेत्याला कळवले. तो तयार झाला. नकार दिला असता तर प्रकरण तिथेच संपवायचे असे आधीच ठरले होते. माझ्या मते संपूर्ण खरेदीतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. काचेआडून पाहून पोश्वारबद्दल काहीही खात्रीने सांगता येत नाही.

पहिली शंका होती ती प्रतिकृतीची. ‘जॅझ’च्या नंतर कितीतरी प्रतिकृती निघाल्या. १९८३ मध्ये न्यू यॉर्कच्या एका प्रकाशकाने काढलेली पुस्तकाची प्रतिकृती तर बरीच पसरली आणि तिची सुटी पाने फ्रेम करून ‘जॅझमधली’ म्हणून विकली जातात. दहापट भिंगाखाली ही शंका लवकर फिटते. यांत्रिक छपाईत ठिपक्यांची जाळी दिसते किंवा शाईचा अगदी एकसारखा, कागदात मुरलेला पातळ थर दिसतो. पोश्वारमध्ये ग्वाश कागदाच्या वर बसलेला असतो, खडूसारखा कोरडा आणि अपारदर्शक. कुंच्याचे फटकारे वेगवेगळ्या दिशांना गेलेले दिसतात. साच्याच्या कडेला रंग साचून सूक्ष्म बांध तयार होतो. एका बाजूने अगदी तिरका उजेड टाकला की तो बांध सावली टाकतो.

या प्लेटवर हे सगळे होते. ती खरी होती.

मग तोच तिरका उजेड मधोमध नेला. वरपासून खालपर्यंत एक केसाएवढी रेष उमटली. त्या रेषेवर ग्वाश भेगाळलेला होता आणि भेगा कोणीतरी जुळत्या रंगाने भरल्या होत्या. अतिनील दिव्याखाली भरलेला रंग आजूबाजूच्या रंगापेक्षा वेगळा चमकला. म्हणजे प्लेट संचातली नव्हती. पुस्तकातलीच होती. घडी दाबून सपाट केली होती, रंग लावून झाकली होती आणि ती पुन्हा वर येऊ नये म्हणून पूर्ण कागद मागून जाड पुठ्ठ्यावर चिकटवला होता.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, बाजूला केल्यावर दुसरी गोष्ट दिसली. माउंटखाली झाकलेल्या पट्टीतला रंग उघड्या भागापेक्षा स्पष्टपणे गडद होता. ग्वाशच्या गुलाबी आणि जांभळ्या छटा प्रकाशाला नाजूक असतात. ही प्लेट कुठेतरी वर्षानुवर्षे भरपूर उजेडात टांगलेली असणार.

उरली सही. ती मातीस यांची आहे की नाही, हे सांगण्याचा अधिकार माझा नाही आणि मी सांगितलेही नाही. माझा प्रश्न वेगळा होता. सुट्या प्लेट सही न करता निघाल्या असताना या एकीवर सही कधी, कोणासाठी, कशी आली? त्याचा हिशेब विक्रेत्याने द्यायला हवा. त्याच्याकडे तो नव्हता. प्रमाणपत्रात त्याच्या वर्णनातलीच वाक्ये पुन्हा लिहिली होती, मालकीच्या इतिहासाची एकही ओळ नव्हती.

समोरचे पर्याय

विक्रेता भांडला नाही. घडीबद्दल आपल्याला माहीत नव्हते असे म्हणून त्याने किंमत बरीच उतरवली. त्यामुळे निर्णय सोपा होण्याऐवजी अवघड झाला. आता दोन्ही प्लेटची किंमत जवळपास सारखी झाली आणि पहिली भिंतीवर नक्कीच अधिक देखणी दिसली असती.

काकांनी सरळ विचारले, “तू ती पुठ्ठ्यावरून काढू शकशील का?” काढता येते. पण ग्वाश पाण्यात विरघळतो, त्यामुळे ओलावा देऊन डिंक सैल करण्याचा नेहमीचा मार्ग बंद होतो. मागचा पुठ्ठा पापुद्रा पापुद्रा करत कोरडाच खरवडून उतरवावा लागतो. ते संथ आणि खर्चाचे काम आहे, आणि शेवटी घडी परत दिसणारच. उडालेला रंग तर कोणत्याही उपायाने येत नाही.

तिसरा पर्याय मी सुचवला होता. मातीस यांच्या अखेरच्या कात्रणचित्रांवरून केलेली शिळामुद्रिते (लिथोग्राफ) ‘व्हेर्व्ह’ या तेरियादच्या नियतकालिकाच्या १९५८ च्या अंकात आली. ती पोश्वार नाहीत आणि मातीस यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाली, पण ती जे आहेत तेच म्हणून विकली जातात आणि किंमत फारच कमी असते. नव्या संग्राहकासाठी हा उत्तम रस्ता आहे असे मला मनापासून वाटते. काकूंनी दोन शिळामुद्रिते पाहिली आणि नाही म्हणाल्या. त्यांना रंगाचा तो खडूसारखा थर हवा होता. त्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

चौथा पर्याय थांबण्याचा. काका-काकू सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे ‘पुढच्या पाच वर्षांत आणखी चांगली येईल’ या सल्ल्याला त्यांच्या लेखी फारशी किंमत नव्हती. सल्ला देणाऱ्याने हे लक्षात घ्यायला हवे.

फ्रान्समधली प्लेट : एक नैतिक प्रश्न

दुसरीकडे वळण्याआधी काकूंनी एक अडचण मांडली. “कोणीतरी अख्खं पुस्तक फाडून पानं विकतंय आणि आपण त्याला पैसे देतोय, असं तर नाही ना?”

हा प्रश्न ‘जॅझ’च्या बाबतीत टाळता येत नाही. मजकूर आणि प्लेट एकमेकांशेजारी असणे हा त्या पुस्तकाचा प्राण आहे. मातीस यांनी आपल्या हस्ताक्षराला रंगांच्या मधली विसाव्याची जागा मानले होते. पुस्तक फोडले की तो विसावा संपतो. पण सुट्या वीस प्लेटची बेरीज अखंड पुस्तकाच्या किमतीला मागे टाकू शकते, म्हणून प्रती फुटत राहतात.

लिलाव संस्थेला लेखी विचारले. उत्तर आले की त्याच घरातून एकूण तीन प्लेट आल्या असून त्या घरात त्या अनेक दशके सुट्याच आहेत. एका जुन्या घरगुती छायाचित्रात त्यांतली एक भिंतीवर दिसत होती. तेवढ्यावर काकूंचे समाधान झाले. माझे पूर्ण झाले नाही, पण नुकतीच फोडलेली प्रत नाही एवढे तरी पुरेसे स्पष्ट होते.

मग स्थितीचा अहवाल आणि छायाचित्रे मागवली : मागची बाजू, तिरक्या उजेडातली घडी, फाटलेल्या टोकाचा जवळून फोटो, आणि पांढऱ्या कागदाची पट्टी शेजारी ठेवून रंगांचे फोटो. फ्रान्समध्ये लिलावाच्या वर्णनातल्या शब्दांना १९८१ च्या आदेशाने कायदेशीर वजन दिले आहे, त्यामुळे वर्णन नीट वाचले. त्यात ‘पुस्तकातून, मधोमध घडी’ असे स्वच्छ लिहिले होते, आणि मातीस यांच्या सचित्र पुस्तकांच्या अधिकृत सूचीतला २२ हा क्रमांकही. काका रेल्वेने जाऊन प्रत्यक्ष पाहून आले. भिंग मी दिले होते. फोनवर त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता, “अगं, ब्रश दिसतोय! कुंचा कुठून कुठे फिरला तेसुद्धा दिसतंय!”

बोली, कर आणि आणणे

कमाल बोली ठरवताना तीन थर धरले. हातोड्याची किंमत, म्हणजे लिलावात ठरलेली शेवटची बोली, त्यावर लिलाव संस्थेचे शुल्क, जे आजकाल किमतीच्या पाव भागाच्या आसपास असते, आणि ब्रिटनमध्ये आणतानाचा व्हॅट.

या तिसऱ्या थरावर बरीच चर्चा झाली. कलाकृती म्हणून आत आली तर आयातीवर ५ टक्के, साधे छापील चित्र म्हणून आली तर २० टक्के. सीमाशुल्काच्या व्याख्येत मूळ मुद्राचित्र ज्यावरून छापले जाते ती छपाईची प्लेट पूर्णपणे कलाकाराच्या हातची असावी लागते. ‘जॅझ’चे आकार मातीस यांचे, कात्री त्यांची, रंग त्यांनी निवडलेले. पण साचे कापले आणि रंग भरला तो कारागिरांनी. यावर वाद घालता येईल, पण वाद जिंकू या भरवशावर बोली लावणे मला धोक्याचे वाटले. काकांनी २० टक्के धरूनच मर्यादा आखली. सीमाशुल्काचे काम पाहणाऱ्या एजंटने तंत्राचे खरे वर्णन लिहून कागद भरले आणि तेवढाच कर भरला गेला.

बोली मर्यादेच्या एक पायरी वर गेली. ती एक पायरी चढायची परवानगी काकूंनी आदल्या रात्रीच देऊन ठेवली होती. प्लेट मिळाली.

निष्पत्ती

फाटलेले टोक मागून बारीक जपानी कागदाने सांधले. पिवळसर कडांना हात लावला नाही, कारण त्या उजळवायच्या तर पाणी आलेच. घडी तशीच ठेवली.

फ्रेमसाठी काकांना हलके ॲक्रिलिक हवे होते. साध्या ॲक्रिलिकवर स्थिर वीज साचते आणि ग्वाशसारखा भुसभुशीत रंग ती कणाकणाने वर ओढू शकते. म्हणून अतिनील किरण अडवणारी, दोन थरांची काच घेतली, आणि काच रंगाला टेकू नये म्हणून मध्ये पुरेसे अंतर ठेवले. जागा खिडकीसमोरची नाही, जिन्याशेजारच्या सावलीतल्या भिंतीची. संग्रहालये कागदावरच्या चित्रांसाठी साधारण ५० लक्स प्रकाश धरतात. घरात ते काटेकोर जमत नाही, पण काकू वर्षातले काही महिने प्लेट उतरवून पेटीत ठेवतात. पहिल्या प्लेटच्या माउंटखालची ती गडद पट्टी त्यांनी पाहिली होती, त्यामुळे हे पटवायला मला काही बोलावे लागले नाही.

पहिली प्लेट काही महिन्यांनी दुसऱ्या एका विक्रेत्याच्या यादीत दिसली. वर्णन पुन्हा जुनेच : सही असलेली, संचातली, घडी नाही.

वेगळे काय करता आले असते

तपासणीचे निष्कर्ष पहिल्या विक्रेत्याला तोंडी सांगितले गेले. त्या वेळी खरेदीचा प्रश्न होता आणि तो तिथे संपला. पण फोटोंसह लेखी टिपण त्याच्या हाती दिले असते, तर ‘माहीत नव्हते’ हे पुढच्या वेळी म्हणता आले नसते. प्लेट पुन्हा दिसल्यावर नव्या विक्रेत्याला तसे टिपण पाठवले, त्यात तिरक्या उजेडातला फोटोही जोडला. काही दिवसांत यादीतून ‘संचातली’ हा शब्द गेला. सहीचा उल्लेख राहिला.

क्रमही उलटा असता तर बरे झाले असते. लंडनच्या प्लेटसाठी फ्रेम उघडण्याआधीच दोन आठवडे किमतीवर बोलणे झाले होते, आणि तोवर काकांनी ती मनाने घरी आणून टांगलीही होती. मागच्या बाजूचा आणि तिरक्या उजेडातला असे दोनच फोटो पहिल्या दिवशी मागितले असते, तर पुठ्ठा लगेच दिसला असता. पुठ्ठ्यावर चिकटवलेला पोश्वार दिसला की ‘काय झाकले आहे?’ हा प्रश्न किमतीच्या आधी यायला हवा.

करांचे वर्गीकरण लिलावाच्या आठवड्यात शोधणे उशिराचे होते. त्यावर आधी अधिकृत निर्णय मागता येतो. वेळ असता तर तो मागायला हवा होता, निदान पुढच्या संग्राहकाला उपयोग झाला असता.

एक मुद्दा या प्रकरणापुरता नाही. मातीस १९५४ मध्ये गेले, त्यामुळे युरोपात त्यांच्या कामावरचा प्रताधिकार २०२४ च्या अखेरीस संपला. आता ‘जॅझ’च्या प्रतिकृती काढायला तिथे कोणाची परवानगी लागत नाही, आणि त्यांतल्या काही हाताने रंगवलेल्या पोश्वार असण्यात कसलीच अडचण नाही. तेव्हा ‘ठिपके नाहीत, म्हणजे खरी’ एवढी भिंगाची परीक्षा पुरणार नाही. कागद, त्याचे वय, घडी आणि मालकीची साखळी यांच्यावर अधिक भार येईल. काकूंनी त्या जुन्या घरगुती छायाचित्राची प्रत लिलाव संस्थेमार्फत मिळवली आहे. पावती, स्थितीचा अहवाल आणि माझ्या दुरुस्तीच्या नोंदीसोबत ती आता प्लेटच्या फाइलमध्ये आहे.